मॉनिटरची पंचाहत्तरी

माझा मॉनिटर पंचाहत्तरचा आहे, हे तो विकत घेऊन दोन वर्षे झाल्यावर मला कळले. सुटीत वसतिगृहातून आलेला भाचा माझ्या खुर्चीत बसला, माउस गरगरा फिरवत पडद्यावरच्या बाणाकडे पाहू लागला आणि डॉक्टर रिपोर्ट हातात घेऊन चश्म्यावरून पाहतात तसे माझ्याकडे पाहत म्हणाला, "मामा, तू अजून साठवरच आहेस?" मला साठ पूर्ण व्हायला तेव्हा बावीस दिवस उरले होते आणि घरात षष्ट्यब्दी शांतीसाठी गुरुजींची वेळ मिळवण्याची खटपट चालू होती, त्यामुळे 'अजून' हा शब्द कानाला अंमळ बराच वाटला. पण प्रश्न माझा नव्हता. खोक्यावर ७५ हर्ट्झ असे ठळक छापलेले होते, म्हणजे सेकंदाला पंचाहत्तर वेळा चित्र नव्याने काढण्याची मॉनिटरची ऐपत होती. विंडोजने मात्र त्याला पहिल्याच दिवशी साठावर बसवले होते आणि तेथून त्याला कोणी उठवलेच नव्हते.

सेटिंगच्या यादीत ७५ आणि ६० यांच्या खाली ५९.९४ असाही एक आकडा होता. १९५३ साली अमेरिकेत रंगीत दूरचित्रवाणी आली तेव्हा रंगाचा संकेत आणि आवाजाचा संकेत एकमेकांच्या वाटेत येऊ नयेत म्हणून तिथल्या मंडळींनी साठाला १.००१ ने भागले, आणि त्या भागाकाराची उत्तरक्रिया अद्याप कोणी केलेली नाही. मी हिशेब केला: बावीस दिवस म्हणजे वर्षाचे ०.०६. त्या दिवशी मी स्वतः नेमका ५९.९४ होतो.

भाच्याने एका क्लिकमध्ये मॉनिटरचा अमृतमहोत्सव साजरा केला. एवढ्यावर थांबलो असतो तर हा लेख लिहावा लागला नसता, परंतु मला आगगाडी चालवण्याच्या खेळाचे व्यसन आहे. वडील रेल्वेत होते. त्यांनी मला कधी इंजिनात बसू दिले नाही, त्याचा सूड मी रोज रात्री तासभर उगवतो. या खेळात रुळांकडेचे विजेचे खांब वेगाने मागे पळू लागले की मधोमध तुटत, धड एकीकडे आणि शिर वीतभर पुढे. कारण असे की ग्राफिक्स कार्ड कधी सेकंदाला पन्नास चित्रे काढते तर कधी सत्तर, आणि मॉनिटर मात्र कार्डाकडे न पाहता आपले पंचाहत्तर रेटत राहतो. त्यामुळे अर्धा पडदा जुन्या चित्राचा आणि अर्धा नव्याचा, अशी वाटणी होते. कार्डाला मॉनिटरच्या ठेक्यासाठी थांबायला लावणारी व्ही-सिंक नावाची सोय लावून खांब जोडले, तर ब्रेक उशिरा लागू लागले आणि मी दोन स्थानके ओलांडून गेलो.

"तुला अॅडॅप्टिव्ह सिंक पाहिजे," भाचा म्हणाला. मला हे तबल्यावरून समजले. एरवीचा मॉनिटर म्हणजे गवयाकडे पाठ करून ठेका धरणारा तबलजी. अॅडॅप्टिव्ह सिंकचा मॉनिटर गवयाच्या तोंडाकडे पाहत थांबतो आणि तो समेवर आला की मगच थाप देतो. ही सोय २०१४ साली डिस्प्लेपोर्ट या मॉनिटर-जोडणीच्या प्रमाणकात आली, आणि आमच्या कार्डाला ती त्याच केबलीतून हवी असल्याने मी पुण्याच्या तापकीर गल्लीत जाऊन केबल आणली. मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूत ती सोय मुळात बंद असते, हे नंतर समजले. तो मेनू मागच्या बाजूला लपवलेल्या मुगाएवढ्या दांडीने चालतो, आणि ती दाबताना माझ्या मॉनिटरने मला दोनदा कोरियन भाषेत नेऊन सोडले.

एवढे करूनही मोठ्या स्थानकात गाडी शिरली की खांब पुन्हा तुटत. आमचा तबलजी ४८ ते ७५ एवढ्याच लयीत साथ करतो. स्थानकातल्या गर्दीने कार्ड चाळिशीवर उतरले की तो साथ सोडून देतो. यावर उपाय म्हणजे दुगुन: कार्ड चाळीस चित्रे देत असेल तर प्रत्येक चित्र दोनदा दाखवून मॉनिटरने ऐंशीवर चालायचे. परंतु त्यासाठी वरची मर्यादा खालचीच्या निदान दुप्पट लागते, आणि ४८ ची दुप्पट ९६ होते.

तेव्हा पत्रिका बदलायचे ठरले. प्रत्येक मॉनिटरजवळ ईडीआयडी नावाची निदान १२८ बाइटांची जन्मपत्रिका असते आणि संगणक ती वाचूनच सोयरीक करतो. भाच्याने एका छोट्या प्रोग्रामने विंडोजला खोटी पत्रिका दाखवली, तिच्यात ४८ च्या जागी ३७ लिहिले. सदतीस दुणे चौऱ्याहत्तर; जेमतेम गुण जुळले. त्याच झटक्यात त्याने मॉनिटरला ८० वर नेऊन सहस्रचंद्रदर्शनही उरकले. चित्र झकास दिसत होते, पण पडद्यावर एकामागून एक चौकोन उजळवून मोबाइलने त्यांचा सावकाश फोटो काढला, तर दर सोळावा चौकोन काळा निघाला. मॉनिटर ऐंशी घेत होता आणि पाच गिळत होता. आमच्या सोसायटीच्या हिशेबांची मला नकळत आठवण झाली.

भाचा परत गेला आणि मला एकट्याला अवदसा आठवली. पत्रिकेच्या पहिल्याच ओळीत मी ९० लिहिले. विंडोजच्या सेटिंगमध्ये असा आगाऊपणा केला तर पंधरा सेकंदांत सगळे पूर्ववत होते. या प्रोग्रामला तसली दयामाया नाही. पडदा काळा झाला आणि बंद करून पुन्हा सुरू केल्यावरही काळाच उगवला. भाचा फोनवर म्हणाला, "मामा, घाबरू नकोस, ती पत्रिका फक्त त्या मॉनिटरची आहे. दुसरा पडदा जोड." घरात दुसरा पडदा एकच. बरोबर साडेआठ वाजता मी संगणकाचा डबा पोटाशी धरून हॉलमध्ये गेलो आणि मालिकेतल्या सुनेला घराबाहेर काढले जात असताना टीव्हीची केबल उपटली. पत्रिका पूर्ववत करायला मला चार मिनिटे लागली. त्या चार मिनिटांत सुनेचे काय झाले, हे मला अजून ऐकावे लागते.

३७ चा प्रयोग तसा टिकला, पण बोगद्यात गाडी शिरली की पडदा मंगळसूत्रातल्या वाट्यांसारखा लुकलुके. आमच्या जातीच्या पॅनेलात चित्रांमधले अंतर कमीजास्त झाले की करडा रंग उजळतो किंवा मंदावतो, आणि बोगद्यात करड्याखेरीज काय असणार? शेवटी मी ४८ वर परत आलो, कार्डाच्या चित्रांना वर ७२ चे कुंपण घातले आणि कार्ड अठ्ठेचाळिसाखाली कधी उतरू नये म्हणून खेळातले देखावे एकेक करून कमी केले: आधी ढग, मग फलाटावरची माणसे, मग गवत.

शांतीच्या आदल्या रात्री मी बायकोला बोलावून खांब दाखवले. एकही तुटत नव्हता. नखशिखान्त अखंड खांब लोण्यासारखे सरकत होते. तिने चष्मा लावून बराच वेळ पाहिले.

"अहो, पण विजेचं इंजिन ना हे?" ती म्हणाली. "मग या खांबांवर तारा कुठे आहेत?"