ग्लास खाली ठेवता का?

डाइकिरी म्हणजे रम, लिंबू आणि साखरेचं कॉकटेल; ती गार असते तेवढा वेळच डाइकिरी असते. नंतर उरते ती लिंबू पिळलेली रम. एवढी साधी गोष्ट ज्या जागेला ठाऊक असायला हवी, तिथेच परवा माझी डाइकिरी माझ्या डोळ्यांदेखत गेली, आणि मी ती पैसे मोजून प्यायलो.

शहराचा जुना भाग, दोन माणसं समोरून आली तर एकाने भिंतीला चिकटावं अशी गल्ली, पाटी नसलेलं दार. आत दगडी भिंती आणि इतका बेताचा उजेड की मेन्यू मोबाइलच्या टॉर्चवर वाचायचा. पूर्वी इथे छापखाना होता, म्हणून पेयांची नावंही त्याच खात्यातली: 'शाई', 'जुळारी', 'पहिलं प्रूफ'. कशात काय आहे ते तळाशी बारीक टायपात. 'पहिलं प्रूफ' म्हणजे रम, लिंबू, साखर, थोडक्यात डाइकिरीच. मी तेच सांगितलं.

बारमनचं काम चोख होतं, आणि म्हणूनच राग जास्त येतो. त्याने ६० मिली रम, २५ मिली रस आणि २० मिली साखरेचा पाक, सगळं मापाने घेतलं. लिंबू समोर पिळलं. सकाळी काढून ठेवलेला रस रात्रीपर्यंत बोथट होतो, हे त्याला माहीत होतं. मग शेकर भरून बर्फ आणि बारा-पंधरा सेकंद जोरात. शेकरमधला बर्फ आधी खणखणतो, कडा झिजल्या की आवाज भरड होतो आणि बाहेरचा पत्रा पांढरा पडतो. तिथे थांबायचं. तोवर १०५ मिलीच्या ऐवजात बर्फाचं साधारण पन्नास मिली पाणी मिसळलेलं असतं. याला कुणी भेसळ म्हणू नये. १८०६ साली न्यूयॉर्क राज्यातल्या एका वृत्तपत्राने कॉकटेलची व्याख्या छापली, तिच्यात दारू, साखर आणि बिटर्स (कडू अर्क) यांच्या जोडीला पाणीही आहे. पाणी नसेल तर ती रम घशात नखं मारते.

यातली गंमत अशी की बर्फ शून्य अंशाचा असला तरी पेय शून्याच्या खाली पाच-सहा अंशांपर्यंत उतरतं. अल्कोहोलमुळे गोठणबिंदू खाली जातो, बर्फ वितळत राहतो आणि वितळताना लागणारी उष्णता पेयातूनच ओढून घेतो. मग ते गाळून, फ्रीझरमधून काढलेल्या उंच दांड्याच्या ग्लासात, बर्फाशिवाय ओततात. वर बारीक फेसाचा पापुद्रा येतो. इथून पुढे गारवा कुठूनही येणार नसतो, फक्त जाणार असतो. ग्लासला दांडा दिलेला असतो तो याचसाठी, हाताची ऊब वर पोचू नये म्हणून.

वेटरने तो ग्लास उचलला. दांड्याला नव्हे, वरच्या गोल भागाला, अख्ख्या मुठीत धरून.

"सर, आमच्याकडे पहिल्यांदाच येताय का?"

"हो."

"मग मी थोडं सांगतो."

मी हात पुढे केला. त्याने ग्लास छातीशी नेला.

"ही इमारत, सर, बोलते."

"काय म्हणते?"

"म्हणते, थांबा."

मी थांबलेलोच होतो.

"इथे एक जुळारी बसायचा. रात्रभर अक्षराचा एकेक खिळा जुळवायचा. पहाटे पहिलं प्रूफ निघालं की तो कागद नाकाशी धरायचा. ओली शाई, सर. तो क्षण."

"म्हणजे याला शाईचा वास येतो?"

"नाही सर. पण त्याला जे वाटलं असेल, तो भाव आम्ही ग्लासात उतरवलाय."

"लिंबातून?"

"लिंबातून."

याला काय बोलणार? रम, लिंबू आणि साखरेचं हे लग्न क्युबात शंभराहून अधिक वर्षांपूर्वी लागलं आणि सँटियागोजवळच्या दाइकिरी नावाच्या खाणीच्या गावावरून त्याला नाव मिळालं. त्यात जुळाऱ्याला कुणी कधी बोलावलं ते त्या इमारतीलाच माहीत. पण ही वाद घालण्याची वेळ नव्हती. ग्लासवरच्या पांढऱ्या दवात त्याच्या चार बोटांच्या चार स्वच्छ खिडक्या तयार झाल्या होत्या आणि त्यांतून पलीकडचा फेस फुटताना दिसत होता.

"अहो, तुम्ही सांगा हवं तेवढं. फक्त ग्लास खाली ठेवता का?"

"शेवटच्या वाक्याला ठेवतो, सर. आम्हाला तसंच शिकवलंय."

"शेवटचं वाक्य आत्ताच म्हणून टाका."

तो हसला. पाठ केलेलं मधूनच म्हणता येत नाही, हे मलाही कळत होतं. त्याने एक श्वास घेतला, जुळाऱ्याच्या चष्म्याचं वर्णन केलं, वाक्य संपत आलं, ग्लास टेबलाच्या दिशेने चांगला वीतभर खाली आला आणि शेजारच्या टेबलावरून आवाज आला:

"दादा, सॉरी हं, परत एकदा सांगाल का? माझं रेकॉर्डिंग सुरूच झालं नव्हतं."

"नक्की, मॅडम. कुठून सांगू?"

"इमारत बोलते तिथून."

ग्लास पुन्हा छातीशी गेला.

"ते माझं आहे," मी म्हणालो.

"हो काका, तुमचंच आहे, मी कुठे पितेय!" ती म्हणाली. "फक्त हात जरा मागे घ्या ना, फ्रेममध्ये येतोय."

काका! ठीक आहे, उजेड कमी होता. मी हात मागे घेतला. इमारत पुन्हा बोलली. जुळारी पुन्हा बसला. या खेपेला वेटरने 'तो क्षण'नंतर जरा जास्तच विराम घेतला, कारण आता कॅमेरा होता. बाईंनी मधेच थांबवून त्याला खिडकीकडे सरकवलं, मग उलट्या बाजूला, मग 'शाई' शब्द नीट ऐकू आला नाही म्हणून तेवढाच पुन्हा म्हणवून घेतला. तेवढ्यात तिचं स्वतःचं पेय आलं, काचेच्या घंटेखाली धुरात कोंडलेलं. लाकडाच्या ढलप्या जाळून तो धूर नळीने आत सोडतात. गार पेयाच्या पृष्ठभागावर तो थोडा चिकटतो, बाकीचा घंटा उचलताच निघून जातो. अर्धा मिनिट कोंडला तर बरा वास लागतो, विसरलात तर पेयाला राखेची चव. तिने घंटा पाचेक वेळा उचलून ठेवून पाहिली. निघून गेलेला धूर सगळा माझ्या टेबलावर.

अखेर ग्लास माझ्यासमोर आला. फेस नव्हता, दव नव्हतं.

"काका, पहिला घोट घेताना एक क्लिप काढू? रिअ‍ॅक्शन हवीय."

मी घोट घेतला. तिने मोबाइल पाहिला. "अजून एकदा, जरा आनंदाने."

डाइकिरीत आंबट आणि गोड यांचा तोल गारठ्यावर बेतलेला असतो. जीभ गार असताना तिला गोडी कमी लागते. पेय कोमट झालं की त्याच २० मिली पाकाची गोडी वर येते, रमचा भपका नाकात जातो, आणि मापून केलेलं सगळं काम फुकट. बदलून द्या म्हटलं असतं तर दिलं असतं बहुधा. पण मग जुळारी तिसऱ्यांदा आला असता.

त्या बिनपाटीच्या दाराचंही असंच आहे. अमेरिकेत १९२० ते १९३३ दारूबंदी होती, तेव्हा पोलिसांपासून लपायला चोरदारं लागत. आता परवाना भिंतीवर चौकटीत लावलेला आणि दार तेवढं चोरटं. ही फॅशन नव्याने रुजवण्यात न्यूयॉर्कच्या साशा पेट्रास्की यांच्या 'मिल्क अँड हनी' या बारचा मोठा वाटा, उघडलं १९९९च्या अखेरीस. तिथेही पाटी नव्हती, पण शेजाऱ्यापाजाऱ्यांना त्रास होऊ नये म्हणून, आणि मोठ्याने बोलायचं नाही हा नियमच होता. पुढच्यांनी पाटी काढण्याचं तेवढं उचललं, शांततेचं सोयीस्कर विसरले. मी बाहेर पडलो तेव्हा गल्लीत घोळका उभा होता आणि वरच्या मजल्यावर कुणीतरी धाडकन खिडकी लावून घेतली. त्या माणसाची गोष्ट मेन्यूत नाही. जुळाऱ्याची आहे, कारण तो आता तक्रार करायला येत नाही. त्याच्या खिळ्यांच्या लाकडी खणांत पेपर नॅपकिन ठेवलेत.

असल्या ठिकाणी जायचंच असेल तर टेबल घेऊ नका, काउंटरवर बसा. तिथे ग्लास आधी तुमच्यासमोर ठेवतात आणि मग त्यात ओततात, मधल्या निरूपणाला जागाच उरत नाही. टेबलच मिळालं तर बर्फाशिवायचं काही मागवू नका. नेग्रोनी सांगा: जिन, कंपारी हे कडू मद्य आणि गोड व्हर्मुथ, प्रत्येकी ३० मिली, बर्फाच्या एका मोठ्या ठोकळ्यावर. पाच सेंटिमीटर बाजूचा ठोकळा साधारण ११५ ग्रॅमचा असतो. वजनाच्या मानाने त्याचा पृष्ठभाग कमी, म्हणून तो सावकाश वितळतो, आणि कडू नेग्रोनीला थोडं पाणी मानवतं. इमारत दोनदा बोलली तरी ती टिकते. ठोकळा काचेसारखा नितळ असेल तर जागेने मेहनत घेतली आहे असं समजा. साध्या ट्रेमध्ये पाणी चहूकडून गोठतं आणि विरघळलेली हवा मधोमध अडकून पांढरी दिसते. बाकी बाजू उबदार वेष्टनात ठेवून फक्त वरून गोठवलं की ती हवा तळाकडे ढकलली जाते आणि तळचा भाग कापून टाकता येतो.

आणि मागवण्याआधी व्हर्मुथची बाटली कुठून काढतात ते पाहा. व्हर्मुथ म्हणजे शेवटी वाइनच, उघडल्यावर फ्रिजमध्ये ठेवावी लागते, नाहीतर काही आठवड्यांत तिची चव उतरते. बाटली मागच्या फळीवर, दिव्याखाली, धूळ खात उभी असेल, तर मात्र गोष्टच ऐका.