बाळंतविड्यातील वाटेकरी

निवृत्त माणसाला घरात स्वस्थ बसण्याची परवानगी मिळणे फार अवघड असते. वर्तमानपत्र वाचत असलेल्या माणसाला दळण आणायला पाठवता येते, टीव्ही पाहत असलेल्याला पाठवता येते, आणि नुसतेच डोळे मिटून बसलेल्याला तर हमखास पाठवता येते. पण मांडीवर लोकरीचा गुंडा घेऊन, ओठ हलवत, ‘थांब, टाके मोजतोय’ असे म्हणणाऱ्या माणसाला उठवण्याचे धाडस आमच्या घरात अजून कोणी केलेले नाही. विणकामाने मन शांत होते, एकाग्रता वाढते, वगैरे जे सांगतात ते खरे असेलही. माझ्या दृष्टीने त्यातले मुख्य सुख म्हणजे आपण कामात आहोत हे दिसत राहते आणि बसून राहता येते.

हे सुख मला लवकर मिळाले असले, तरी त्याची किंमत आधी मोजावी लागली. 1962 साली चीनशी युद्ध पेटले तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. देशभर बायका जवानांसाठी स्वेटर विणत होत्या आणि आमच्या वाड्यात त्या आघाडीचे नेतृत्व आजीकडे होते. लोकर तेव्हा लच्छीने मिळत असे, आणि लच्छीचा गुंडा करायचा तर कोणीतरी ती दोन्ही हातांवर ताणून धरून समोर बसावे लागे. वाड्यातले ते हात माझे होते. लच्छी हातांवर असेपर्यंत हात खाली करायचे नाहीत एवढीच अट होती, पण नाकाला नेमकी तेव्हाच खाज सुटे. मी तसे बोलून दाखवले की आजी गुंडाळणे न थांबवता म्हणे, “तिकडे पोरं बर्फात उभी आहेत, आणि तुला नाकाची पडलीय?” याला उत्तर नव्हते. मी देशासाठी नाक न खाजवता बसून राही. पुढे आजीला माझी दया आली की तिला विणायला आणखी दोन हात हवे होते, कोण जाणे, पण तिने मला सुलट आणि उलट असे दोन्ही टाके शिकवले, आणि ते बोटांत कायमचे राहिले.

यंदा मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी नाशिकला माहेरी आली, तेव्हा बाळंतविड्याच्या कामांची वाटणी झाली. कुंच्या, दुपटी आणि लाळेरी शिवण येणाऱ्या मंडळींकडे गेली. स्वेटर, टोपडे आणि मोजे माझ्याकडे आले. संक्रांत उलटून गेली होती, तरी निफाडचा पारा किती खाली गेला हे वर्तमानपत्र अजून पहिल्या पानावर छापत होते, त्यामुळे स्वेटरच्या गरजेबद्दल कोणाला शंका नव्हती. शंका होती ती विणणाऱ्याबद्दल. शेजारच्या काकांनी कुंपणावरून बराच वेळ पाहिले आणि “हे काय, बायकांचं काम?” असे विचारले. मी त्यांना सलीम अलींचा दाखला दिला. अलिबागजवळच्या किहीमला त्यांनी सुगरण पक्ष्यांचा अभ्यास केला आणि तो प्रसिद्धही केला; त्या पक्ष्यात घरटे विणण्याचे काम नराचे असते. काका निरुत्तर झाले, पण आतून पोह्यांच्या बशा घेऊन येणाऱ्या सौभाग्यवतींनी ऐकले होते. त्या म्हणाल्या, “आणि मादीनं येऊन बघितलं आणि तिला नाही पटलं, तर तो ते अर्धवट टाकून दुसरं घरटं सुरू करतो. तुमच्या ट्रंकेत असली किती आहेत, तेही सांगा काकांना.” पक्षिशास्त्र घरात फार झिरपू देऊ नये, असे माझे मत तेव्हापासून झाले आहे.

विणायला मी परसात बसतो, कारण सकाळी ऊन प्रथम तिथे येते. परसात एक पेरू, एक जास्वंद, कढीपत्ता आणि तुळशीवृंदावन एवढेच आहे. पण त्यावर हक्क सांगणारे पुष्कळ आहेत. आठ नंबरच्या सुयांवर पाठीचे 60 टाके घालायला घेतले की जास्वंदीतला शिंपी ओरडू लागतो. हा पक्षी अंगठ्याएवढा, पण आवाज खणखणीत, आणि एकच आवाज तो ज्या ठेक्यात पुन्हापुन्हा काढतो तो ठेका माझ्या मोजणीच्या ठेक्याहून किंचित जलद आहे. बत्तीस, तेहेतीस म्हणता म्हणता मी त्याच्या मागे धावू लागतो आणि चाळीसच्या आसपास कुठेतरी आम्हा दोघांपैकी कोणाचे टाके मोजत आहे हे कळेनासे होते. त्याला रागावणे मला जमत नाही, कारण तो जातिवंत कारागीर आहे. चोचीने पानाच्या कडांना भोके पाडून कोळ्याच्या जाळ्याने आणि कापसाने पान शिवणाऱ्याला आपण टाक्यांबद्दल काय सांगणार?

तो थांबला की सातभाई येतात. ते नेहमी घोळक्याने येतात आणि पेरूखालचा पाचोळा उलटापालटा करताना एकमेकांशी असे कडाकडा भांडतात की घरातून “कोण आलंय?” अशी विचारणा होते. भारद्वाजाचे तर सगळेच वेगळे. तो कुंपणाशी दिसणे शुभ मानतात, म्हणून तो दिसला की मुलीला दाखवायचा, मुलीने आईला बोलवायचे, आईने शेजारच्या काकूंना, आणि सगळ्यांनी नमस्कार करेपर्यंत मी सुया खाली ठेवून उभे राहायचे, असा आमच्याकडे शिरस्ता आहे. शुभशकुन उडून गेल्यावर सुईवरून उतरलेले चार टाके मात्र माझे मलाच उचलावे लागतात.

एवढे सगळे सोसूनही पाठ झाली, पुढचे दोन्ही भाग झाले, एक बाही झाली. दुसऱ्या बाहीच्या वेळी खार आली.

मी चहाचा कप ठेवायला आत गेलो होतो. परत येऊन पाहतो तो गुंडा वेताच्या खुर्चीवर नव्हता. तो पायरीवरून घरंगळत तुळशीला वळसा घालून पेरूच्या बुंध्याशी गेला होता, आणि तिथे खार मागच्या पायांवर बसून त्याचा पिवळा धागा दातांनी तोडत होती. तोडलेला धागा तिने पुढच्या दोन्ही पंजांनी भराभर दुमडला, तोंडात कोंबला, बाहेर राहिलेले टोक पुन्हा आत सारले, आणि गालांवर पिवळ्या मिशा घेऊन ती भिंतीवरून सरळ गच्चीवर, सोलरच्या टाकीखाली गेली. तिथे तिने काय मांडले होते हे सांगायला नको. बेबी वूल म्हणून जे मिळते त्याचा मेंढीशी बहुधा संबंध नसतो. खरी लोकर जाळली तर जळक्या केसांचा वास येतो आणि ॲक्रिलिकचा वितळून कडक मणी होतो, अशी परीक्षा आजीने मला शिकवली होती. खारीला तिची गरज वाटली नव्हती. मी “हड्” म्हणालो. ती अर्ध्या भिंतीवर थांबली, शेपूट झटकत पाच मिनिटे माझ्यावर चिरचिरली, आणि उरलेला धागा न्यायला परत आली. त्या चिरचिरण्यात मी तिच्या बाळंतविड्याला हात लावत आहे असा स्पष्ट आरोप होता.

खरा ताप पुढे होता. तुटलेले लांब धागे परसात तसेच पडू देता येत नाहीत, कारण पक्षी ते घरट्यात नेतात आणि पिलांच्या पायांना त्यांचे फास बसतात. संक्रांतीला येवल्यापासून नाशिकपर्यंत पतंग उडतात आणि त्यांचा मांजा आमच्या पेरूला दरवर्षी लटकतो. तो काढण्यात माझा एक आठवडा आधीच गेला होता. आता कात्री घेऊन कढीपत्त्याच्या फांद्यांतून पिवळी लोकर वेचत असताना काकांनी कुंपणावरून पुन्हा पाहिले, पण या वेळी काही विचारले नाही. ते अधिक लागले.

राहिलेली बाही पुरी करायला लोकर कमी पडली, म्हणून वेष्टन घेऊन मेनरोडवरच्या दुकानात गेलो. दुकानदाराने वेष्टनावरचा लॉट नंबर वाचला आणि डॉक्टर रिपोर्ट वाचून मान हलवतात तशी मान हलवली. “हा लॉट संपला, काका. शेड तोच आहे, घेऊन जा, कळणार नाही.” शेड तोच होता आणि कळत होते. एक बाही हळदीची झाली आणि दुसरी लिंबाची. मुलगी म्हणाली, “बाबा, राहू द्या, बाळाला काय कळतंय?” बाळाला कळत नाही हे खरे, पण बारशाला बाळ एकटे नसते.

बारशाला आत्याबाई आल्या. विणकाम कळणारी बाई स्वेटरची सुलट बाजू कधीच पाहत नाही. त्यांनी तो हातात घेताक्षणी उलटा केला, मागचे टाके बोटांनी चाचपले, खांद्याची शिवण ओढून पाहिली, मग दोन्ही बाह्या उजेडात एकमेकींशेजारी धरल्या. मी पाळण्याची दोरी तपासण्यात गुंतलो. सौभाग्यवती शांतपणे म्हणाल्या, “हल्ली अशीच फॅशन आहे, एक बाही जरा फिकी ठेवायची.” आत्याबाईंनी मान डोलावली, आणि जेवणे आटोपायच्या आत माझ्याकडे त्यांच्या दोन नातवंडांसाठी याच नमुन्याच्या स्वेटरांची मागणी नोंदवली गेली, बाह्या हुबेहूब अशाच हव्यात या ताकिदीसह. लिंबाचा लॉट दुकानात भरपूर आहे. हळदीचा जो काही साठा उरला आहे तो सोलरच्या टाकीखाली आहे, आणि तिथली मालकीण तो विकायला तयार होईल असे मला वाटत नाही.