मंगळवारचा राजवाडा

दक्षिण कोरियातल्या सोलला सहलीने जाण्याचे आपण ठरवले असेल, तर अनुभवी माणसाचा पहिला सल्ला असा, की ग्याँगबोकगुंग राजवाडा पाहण्यासाठी मंगळवारच निवडावा. मंगळवार हा त्याच्या साप्ताहिक सुट्टीचा दिवस असल्यामुळे आतल्या गर्दीचा त्रास अजिबात होत नाही. गेल्या मे महिन्यात पुण्याच्या आम्ही बत्तीस जणांनी हे सुख यथेच्छ भोगले.

तेथे जाताना पारंपरिक पोशाख अवश्य करावा. हानबोक घालून येणाऱ्याला राजवाड्यात मोफत प्रवेश मिळतो, हे टूर मॅनेजरने बसमध्येच अभिमानाने सांगितले होते. म्हणून भाड्याच्या दुकानात पाऊण तास घालवून बायकांनी फुगीर घागरे चढवले, पुरुषांनी राजाचे लाल झगे घातले आणि दुकानातल्या मुलीने काळ्या टोपीचे बंद माझ्या हनुवटीखाली असे काही आवळले, की मला धड जांभईही देता येईना. तीन हजार वॉनचे तिकीट वाचवण्यासाठी त्याच्या कितीतरी पट भाडे मोजून हे वऱ्हाड ग्वांगह्वामून दरवाजापाशी पोहोचले, तेव्हा दरवाजा बंद होता. ‘‘बाहेरूनच फोटो छान येतात,’’ असे मॅनेजर म्हणाले. पंढरपुरात गर्दी असली की आपण कळसाचे दर्शन घेऊन समाधानाने परततो हे खरे, पण तिथे निदान विठोबा सुट्टीवर नसतो.

इतिहास मात्र विचारू नये. 1395 मध्ये उभा राहिलेला हा राजवाडा 1592 च्या जपानी स्वारीच्या वेळी जळाला, एकोणिसाव्या शतकात पुन्हा बांधला गेला आणि पुढे जपानी राजवटीने त्यातल्या बहुतेक इमारती पाडून त्याच्या पुढ्यातच आपले मुख्यालय उभारले. ते कोरियन लोकांनी 1990 च्या दशकात पाडून टाकले आणि हा दरवाजा 2010 मध्ये मूळ जागी पुन्हा उभा केला. याच आवाराच्या उत्तर टोकाला 1895 मध्ये राणी म्याँगसाँगची जपानी मारेकऱ्यांनी हत्या केली. हे सारे बंद दरवाजाबाहेर उभे राहूनही सांगता येते, त्याला तिकीट लागत नाही. आम्हाला मात्र कोणत्या मालिकेचा नायक इथे छत्री घेऊन उभा होता, एवढेच कळले.

किमची म्हणजे तिथले कोबीचे तिखट लोणचे; ते शिकवणाऱ्या वर्गात हातमोजे घालून कोबीच्या एका पानाला लाल मसाला फासावा, फोटो काढून घ्यावा आणि आपण शाकाहारी असाल तर त्या मसाल्यात खारवलेली कोळंबी असते का, हे विचारू नये.

इन्साडोंग या जुन्या कलावस्तूंच्या बाजारासाठी वीस मिनिटे मिळतात. त्यांतली पंधरा स्वच्छतागृहाच्या रांगेसाठी राखून ठेवावीत.

बुकचोनच्या जुन्या घरांच्या गल्लीत शिरताना आवाज मोकळा ठेवावा. तिथे माणसे राहतात, हळू बोलण्याच्या पाट्या आहेत, सर्वांत कडक नियमांच्या भागात पर्यटकांना सकाळी दहा ते संध्याकाळी पाच एवढीच मुभा आहे आणि ती मोडल्यास एक लाख वॉन दंड आहे; पण ‘‘अहो, इकडे या, इथून मागे टॉवर येतो!’’ ही हाक आमच्यातल्या एका काकांनी पाचला दहा मिनिटे कमी असताना अशी काही दिली, की समोरचे लाकडी दार उघडून एक आजी बाहेर आल्या, आमच्याकडे पाहत राहिल्या आणि एक शब्दही न बोलता त्यांनी दार लावून घेतले.

राजवाड्याच्या वाचलेल्या वेळेचे काय करावे, हा प्रश्न आपल्याला पडणार नाही. ती वेळ जिनसेंग या औषधी मुळाच्या दुकानासाठी असते, कारण जिनसेंगला साप्ताहिक सुट्टी नसते. आम्हाला एका खोलीत बसवून दार लावले गेले, कागदी पेल्यांतून कडू गरम पाणी दिले गेले, काचेच्या बरणीतले सहा वर्षांचे मूळ हातोहात फिरले आणि ‘शुगर’, ‘घुटना’, ‘बहुत अच्छा’ एवढेच शब्द येणाऱ्या बाईंनी एक तास चाळीस मिनिटे आमच्या प्रकृतीची काळजी वाहिली. एक तास चाळीस मिनिटे! तिथून अर्ध्या तासाच्या चालीवर चांगदोकगुंग आहे. 1405 सालचा राजवाडा, 1997 पासून युनेस्कोच्या यादीत, आणि त्याची सुट्टी सोमवारी असल्यामुळे त्या दिवशी उघडा. एक बंद असेल तर दुसरा पाहता येतो, एवढी सोय त्या शहराने केलेली आहे. कोणाच्याही फोनवर दिसणारे हे वार, माणशी अडीच लाख रुपये घेणाऱ्याला ठाऊक नव्हते? की ठाऊक होते म्हणूनच मंगळवार धरला?

आता सल्ले पुरे. कार्यक्रमपत्रिकेत ‘राजवाडा दर्शन’ छापायचे आणि माणसे दुकानात कोंडायची, याला सहल म्हणत नाहीत, फसवणूक म्हणतात. कोणत्या दुकानात किती मिनिटे जाणार, हे पैसे घेण्यापूर्वी लिहून द्यायला या कंपन्यांना लाज का वाटते?

आणि आपणही काही कमी नाही. निघण्यापूर्वीच्या बैठकीत तासभर प्रश्न चालले ते पोहे मिळतील का, वरणभात रोज असेल का आणि चहा दुधाचा असेल का, याचेच. त्यातला चहाचा प्रश्न माझा होता. सोलमध्ये आगाऊ नोंदणी केली तर महापालिकेच्या मार्गदर्शकांबरोबर मोफत पायी फिरता येते, राजवाड्यातही इंग्रजीतून मोफत माहिती सांगतात, हे मी परत आल्यावर वाचले. जाण्यापूर्वी वाचायला कोणी हात धरला होता? पुढच्या बैठकीत आधी तारीख आणि वार विचारा, उत्तर लेखी घ्या, आणि ते देत नसतील तर धनादेश तसाच खिशात ठेवून घरी या. पोहे घरी मिळतातच.