किती आया?

पोरीच्या इंग्रजीच्या वहीत लाल शाईने शेरा होता: 'आई एकच असल्यास स्वल्पविराम द्यावा.'

वाक्य मी सांगितलेलं. 'माय मदर हू वर्क्स इन अ बँक इज स्ट्रिक्ट.' आई माणूस, म्हणून 'हू'. चुकलं कुठं? तर म्हणे, स्वल्पविराम नसले की अर्थ होतो: असलेल्या आयांपैकी जी बँकेत आहे ती कडक. मागेपुढे दोन स्वल्पविराम टाकले की आई एक, बँक ही वरकड माहिती. हे मिसनी मला पालकसभेत, भर वर्गात समजावलं. मिसचं वय माझ्या स्कूटरएवढं.

शेजारी दूधवाले मामा बसले होते, नातवासाठी आलेले. गुडघे बाकात अडकलेले, मांडीवर रिकामी किटली. कानात सांगितल्यासारखं, पण फळ्यापर्यंत ऐकू जाईल असं म्हणाले, "सर, दुसरी कुठं ठिवलीया? मिरजंत?"

विषय बदलावा म्हणून मी शहाणपणा केला. "मामा, सोपं आहे. माणसाला हू, जनावराला विच."

"म्हंजे माज्या चंद्रीला विच?"

"म्हैस ना? विच."

मामांनी किटली खाली ठेवली. "दावणीला अकरा हायत. त्यातली कुटली आटली, आसं इचारलंसा तर लावा विच. चंद्री हाक मारली की मान वळवती. तिला हूच."

मिस चक्क हो म्हणाल्या. नाव ठेवलेल्या लाडक्या जनावराला 'हू' चालतं. बी.ए.ला इंग्रजी माझं, आणि वर्गात मान म्हशीला!

आपलं मराठी बरं. जी बँकेत जाते ती रागावते. जी आली की मागून ती येतेच, बाई आहे हेही कळतं. इंग्रजीत 'द मॅन आय सॉ' म्हटलं की सर्वनामच गायब. 'दॅट' माणसालाही चालतं, वस्तूलाही. स्वल्पविरामानंतर मात्र चालत नाही. आम्हाला हे कुणी सांगितलं नव्हतं. हू-विचचा तक्ता पाठ, पाच मार्क, विषय संपला. आता शाळेची फी भरा, ट्यूशनची वेगळी भरा, रात्री दहाला सातवीचा अभ्यासही आपणच करा आणि शेरेही आपणच खा.

शेऱ्याखाली पालकांची सही हवी होती. वही बायकोपुढे सरकवली. तिने दोनदा वाचलं, पेनाचं टोपण काढलं आणि विचारलं, "कुठल्या आईची हवीय?"