घरी करून खा, पण पाणी कुठले?

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात जीबीएसचे, म्हणजे नसांवर हल्ला करून हातापायांतले बळ घालवणाऱ्या गिलियन-बॅरे सिंड्रोमचे, रुग्ण आढळू लागले, तेव्हा आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पहिले फर्मान निघाले ते बाहेरचे खाणे बंद करण्याचे. पाणीपुरी बंद, भेळ बंद, वडापावसुद्धा बंद. जिभेचे चोचले पुरवायचेच असतील तर घरी करून खा, असे मोठ्यांनी बजावले आणि पाठोपाठ पाककृतींच्या व्हिडिओंची रीघ लागली. पुढे रुग्णांची संख्या दोनशेच्या वर गेली, काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा दूषित अन्नपाण्यातून पोटात जाणारा जिवाणू सापडला, आणि संशय हातगाडीवरून विहिरीच्या, टँकरच्या आणि खासगी आरओ प्रकल्पांच्या पाण्याकडे वळला. ज्यांनी बाहेरचे खाणे बंद केले होते, त्यांच्या ओट्यावरही त्याच परिसरातले पाणी येत होते. व्हिडिओ मात्र येतच राहिले.

त्याच वर्षी जुलैमध्ये दुसरा वाद पेटला. कार्यालयांमध्ये पदार्थांतील तेल आणि साखरेचे प्रमाण दाखवणारे फलक लावावेत, अशी सूचना केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने केली होती. बातम्यांमध्ये तिचे रूप ‘समोसा-जिलेबीवर आता सिगारेटसारखा इशारा’ असे झाले, आणि विक्रेत्यांच्या मालावर कोणताही इशारा छापायचा नाही, असा खुलासा सरकारला करावा लागला. या वादाची गाडीही अखेर त्याच ठिकाणी येऊन थांबली: एवढीच हौस असेल तर घरी करा. मी इंग्लंडमध्ये, यॉर्कशरमधल्या एका मध्यम आकाराच्या गावात राहते. आमच्या गावात वड्याची गाडी नाही आणि भेळवालाही नाही. खायची इच्छा झाली की कढई चढवावी लागते. त्यामुळे या सल्ल्याचे गुण मला ठाऊक आहेत आणि त्याची किंमतही. स्वयंपाकघरापुरता तो उत्तम सल्ला आहे. शहराच्या आरोग्याच्या प्रश्नाचे उत्तर म्हणून मात्र तो कुचकामी आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आधी गुणांविषयी बोलू. घरचा बटाटेवडा चांगला होतो, आणि त्यासाठी फार मोठे कौशल्य लागत नाही. लागते ते नेमके लक्ष. येथे सॅलडसाठी मिळणारे छोटे, गुळगुळीत बटाटे उकडल्यावर चिकट होतात आणि त्यांची भाजी लगद्यासारखी बसते. चिप्ससाठी, म्हणजे येथल्या तळलेल्या बटाट्याच्या जाड फोडींसाठी, वापरतात तो मॅरिस पायपर जातीचा पिठूळ बटाटा घेतला तर भाजी मोकळी राहते. बटाटा हाताने फोडायचा, मधूनमधून बोटाला लागतील असे तुकडे ठेवायचे, आले-लसूण-मिरचीचा ठेचा फोडणीत परतून घ्यायचा आणि भाजी पूर्ण निवल्याशिवाय गोळे करायचे नाहीत. बेसनात चमचाभर कडकडीत तेलाचे मोहन घातले की आवरण खुसखुशीत होते. शेवटी उरलेले पीठ झाऱ्यातून तेलात पाडून त्याचा चुरा करायचा आणि तो सुके खोबरे, लसूण व लाल तिखटाच्या चटणीत मिसळायचा. ज्यांना ही चटणी जमली त्यांचा वडापाव जमला. पावाचे काम जरा अवघड आहे. दुकानातला बर्गरचा पाव गोडसर असतो आणि चटणीशी त्याचे जुळत नाही. यॉर्कशरमध्ये ब्रेडकेक या नावाने मिळणारा साधा, मऊ, गोल पाव त्यातल्या त्यात जवळचा. पण लादीतून वेगळा करताना पावाला जी खरखरीत, ओलसर बाजू मिळते ती त्याला नसते.

पाणीपुरीची गोष्ट निराळी. बारीक रव्याचे पीठ घट्ट मळून झाकून ठेवायचे, पुन्हा मळायचे, पातळ लाटायचे आणि लाटलेल्या पुऱ्या सुकू नयेत म्हणून ओल्या फडक्याखाली ठेवायच्या. तापलेल्या तेलात झाऱ्याने हलके दाबले की पुरी फुगते, निदान बहुतेक पुऱ्या फुगतात, आणि ज्या फुगत नाहीत त्यांचे शेवपुरीत चांगले होते. पुदिना, कोथिंबीर, मिरची आणि काळे मीठ वाटून केलेले पाणी थंड करायचे, चिंचगुळाची चटणी आटवायची, रगडा शिजवायचा. पाहुणे अर्ध्या तासात फस्त करतात त्या पदार्थासाठी आदल्या रात्री वाटाणे भिजत घालावे लागतात. एवढे सगळे झाल्यावर घरातील एक व्यक्ती ओट्याशी उभी राहून एकेक पुरी फोडून देत असते. ती व्यक्ती बहुधा कोण असते, हे मराठी वाचकांना सांगायला नको. माझ्या यजमानांना वडे उत्तम जमतात, ही आमच्या ओळखीतील घरांमध्ये अजून कौतुकाने सांगण्याची बाब आहे, यातच सारे आले. गाडीवर हे श्रम मोबदला घेऊन होतात आणि शंभर गिऱ्हाइकांत वाटले जातात. म्हणून तेथे थोड्या पैशांत पोट भरते. नाक्यावर काम मिळण्याची वाट पाहणाऱ्या मजुराला किंवा लोकल गाठण्यासाठी धावणाऱ्या परिचारिकेला ‘घरी करून खा’ असे सांगणे म्हणजे त्यांच्याकडे नसलेला वेळ आणि गॅस गृहीत धरणे होय.

घरचे म्हणजे आपोआप आरोग्यदायी, ही समजूतही तपासून पाहण्यासारखी आहे. गाडीवरचे तेल पुन्हापुन्हा तापवलेले असते ही तक्रार योग्यच आहे; तळणीच्या तेलातील ध्रुवीय संयुगांचे, म्हणजे तेल पुन्हापुन्हा तापून खराब होताना तयार होणाऱ्या घटकांचे, एकूण प्रमाण २५ टक्क्यांवर गेले की ते तेल वापरू नये, असा नियम भारतात १ जुलै २०१८ पासून लागू आहे. पण हा नियम खाद्यव्यवसायाला आहे. घरात तळण झाल्यावर तेल गाळून बरणीत भरायचे आणि ते पुढचे आठ दिवस फोडणीला वापरायचे, ही आपली पिढ्यान्‌पिढ्यांची काटकसर कोणी मोजत नाही. ते टाकावे म्हटले तर कुठे टाकावे हा प्रश्न असतोच. सिंकमध्ये ओतलेल्या चरबीचे आणि शौचालयात टाकलेल्या ओल्या वाइप्सचे पुढे काय होते, हे लंडनने सप्टेंबर २०१७ मध्ये पाहिले. व्हाइटचॅपल भागातल्या गटारात सुमारे अडीचशे मीटर लांबीचा आणि १३० टन वजनाचा दगडासारखा घट्ट गोळा सापडला, आणि तो काढायला कामगारांना आठवडे लागले. या गोळ्यात घरगुती कढयांचाही वाटा होता.

मुळात गाडीवरच्या सगळ्याच पदार्थांना एका मापाने मोजणे चुकीचे आहे. उकळत्या तेलातून थेट हातात आलेला वडा जंतूंच्या दृष्टीने बाहेरच्या खाण्यातल्या सर्वांत सुरक्षित गोष्टींपैकी आहे. त्यात जे काही वावगे असेल ते तेलाचे, आणि त्याचा परिणाम हळूहळू होतो. धोका असतो तो न शिजलेल्या वस्तूंत: पाणीपुरीचे पाणी, त्यातला बर्फ, वरून पेरलेली कोथिंबीर, चिरून ठेवलेला कांदा, दिवसभर उन्हात राहिलेली ओली चटणी, आणि एकाच बादलीत पुन्हापुन्हा विसळलेल्या ताटल्या. यातल्या जवळजवळ प्रत्येक गोष्टीचा धागा पाण्याशी जाऊन मिळतो. विक्रेता कितीही नेटका असला तरी, ज्या रस्त्यावर नळ नाही तेथे त्याचे सारे नेटकेपण सकाळी भरून आणलेल्या पिंपाएवढेच टिकते.

इंग्लंडमध्ये हे कसे चालते, हे सांगताना मला येथील गोडवे गायचे नाहीत. कोणालाही खाद्यव्यवसाय सुरू करायचा असेल, मग तो घरच्या स्वयंपाकघरातून का असेना, तर किमान २८ दिवस आधी स्थानिक परिषदेकडे, म्हणजे आपल्याकडच्या पालिकेसारख्या संस्थेकडे, नोंद करावी लागते. ती विनामूल्य असते आणि नाकारता येत नाही. त्यानंतर निरीक्षक न सांगता येऊ शकतो आणि शून्य ते पाच असा स्वच्छतेचा दर्जा देतो. तो दर्जा दारावर लावणे वेल्समध्ये आणि उत्तर आयर्लंडमध्ये सक्तीचे आहे, इंग्लंडमध्ये अजून नाही. पण संकेतस्थळावर तो कोणालाही पाहता येतो. मेन्यूवर उष्मांक छापण्याचा नियम एप्रिल २०२२ मध्ये इंग्लंडमध्ये आला तेव्हा तो २५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या व्यवसायांपुरता ठेवला गेला. म्हणजे सुरुवात मोठ्या साखळ्यांपासून झाली; कोपऱ्यावरचे एकट्याने चालवलेले दुकान त्यातून वगळले गेले. आपल्याकडे मात्र तेल-साखरेची चर्चा निघाली की पहिले चित्र समोशाच्या परातीचे छापले जाते, पाकीटबंद फरसाण आणि बिस्किटांचे नाही.

याची दुसरी बाजूही आहे. १९८२ च्या कायद्याने येथील परिषदांना रस्ते वाटून टाकण्याचा अधिकार दिला आहे: अमुक रस्त्यावर विक्री निषिद्ध, तमुक रस्त्यावर परवान्याने किंवा संमतीने. शुल्क, विमा, वाहन आणि गॅसची प्रमाणपत्रे हे सारे जमवून जो उभा राहतो तो एक वडापाव चार-पाच पौंडांना विकतो, आणि तोही शनिवारच्या बाजारात, हौशी लोकांना. स्वच्छ आहे, पण गरिबाचे जेवण तो राहिलेला नाही. इंग्लंडसारखी शिस्त भारतात आणा म्हणणाऱ्यांनी हा हिशेबही मांडावा. आणि पाण्याचा माज कोणीच करू नये: मे २०२४ मध्ये डेव्हनमधल्या ब्रिक्सहॅम भागात पाण्यात क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी सापडला आणि हजारो घरांना कित्येक आठवडे पाणी उकळून पिण्याची वेळ आली.

कायद्याच्या कागदावर पाहिले तर विक्रेत्याला भारतानेच अधिक दिले आहे. पथविक्रेत्यांच्या उपजीविकेचे संरक्षण करणारा २०१४ चा केंद्रीय कायदा विक्रेत्यांचे सर्वेक्षण पूर्ण होईपर्यंत कोणालाही हटवू नये असे सांगतो, आणि नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले असावेत, असे बंधन घालतो. इंग्लंडमधल्या फेरीवाल्याला असे संरक्षण स्वप्नातही मिळणार नाही. अंमलबजावणीचे चित्र निराळे आहे. मुंबईत २०१४ च्या सर्वेक्षणात ९९ हजारांवर अर्ज आले, आणि दहा वर्षांनी, ऑगस्ट २०२४ मध्ये, समितीच्या निवडणुकीसाठी मतदान झाले तेव्हा यादीत सुमारे ३२ हजार नावे होती. ज्याचे नाव यादीत नाही त्याला जागा नाही. ज्याला जागा नाही त्याच्या जागेवर नळ, सांडपाण्याची वाट किंवा कचऱ्याचा डबा कोण देणार? जो माणूस पालिकेची गाडी आली की तवा आणि पिंप उचलून पळतो, त्याच्याकडे हात धुण्याचे बेसिन मागणे हा शुद्ध विनोद आहे. पुण्यात जीबीएसची साथ आली त्या काळात महापालिकेत लोकनियुक्त सभागृहच नव्हते, मार्च २०२२ पासून कारभार प्रशासकाकडे होता; पाण्याबद्दल जाब विचारावा असा नगरसेवक लोकांना नव्हता आणि चिडण्यासाठी पाणीपुरीवाला मात्र कोपऱ्यावर उभा होता.

पावाच्या बाबतीत जे घडले ते या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. ९ जानेवारी २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड आणि कोळसा जाळणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळण्याचा आदेश दिला. बेकरीवाल्यांनी खर्चाचे आणि चवीचे गाऱ्हाणे मांडले, पाव महागण्याची चर्चा झाली. आदेशाच्या मुदतीबद्दल मतभेद असू शकतात. पण तेव्हा ‘पाव घरी भाजा’ असे कोणी म्हणाले नाही. भट्टी सुधारावी, की तिला मदत द्यावी, की सवलत द्यावी, अशी चर्चा झाली, म्हणजे योग्य ठिकाणी चर्चा झाली. वड्याला आणि पाणीपुरीला हा मान का मिळत नाही?

पुण्यातली माझी धाकटी बहीण हे सगळे ऐकून म्हणते, ‘ताई, तू तिकडून बोलतेस, आजारी इथली मुले पडतात.’ तिचे म्हणणे खरे आहे, आणि साथीच्या दिवसांत तिने मुलांना गाडीवर पाठवले नाही हेही योग्यच केले. माझा वाद तिच्या सावधगिरीशी नाही. त्यानंतर तिच्या सोसायटीच्या सभेत फाटकाबाहेरची भेळेची गाडी हटवण्याची मागणी करणारा ठराव आला, तेव्हा तिनेच उभे राहून विचारले, की गाडी हटवण्याऐवजी बागेच्या नळाची एक जोडणी फाटकापाशी काढून दिली आणि त्याचे पैसे भेळवाल्याकडून घेतले तर काय बिघडेल. पाण्याची वार्षिक तपासणी सोसायटी करतेच, तिचा अहवालही तेथे लावता येईल, असे तिने सुचवले. चिटणिसांनी हे नियमात बसत नाही असे सांगितले. कोणत्या नियमात, असे तिने लेखी विचारले आहे. उत्तर अजून आलेले नाही, आणि तोवर गाडी संध्याकाळी पाच ते नऊ उभी असते.