कांदळवन मुंबईत तोडायचं, झाडं सोलापूरच्या माळावर लावायची?

"मुंबईत रस्त्यासाठी खारफुटी तोडली तर बिघडलं कुठं? दुप्पट झाडं सोलापूरसारख्या दुष्काळी भागात लावा. डासांची दलदल जाईल, आपला माळ हिरवा होईल. नाहीतरी समुद्र चढला की ती खारफुटी बुडणारच आहे." अशा अर्थाचा मजकूर सध्या आपल्याकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर फिरतोय. सोलापूरच्या मे महिन्यात तो कुणालाही पटेल, म्हणून जरा खोलात जाऊन बघू.

"दुप्पट झाडं लावली की हिशेब मिटला." सगळ्यात गोड आणि सगळ्यात फसवा मुद्दा हाच. कांदळवनातला, म्हणजे खारफुटीच्या जंगलातला, बहुतेक कार्बन खोडात नसतो, मुळाखालच्या चिखलात असतो. भरतीच्या पाण्याने भिजलेल्या त्या गाळात हवा पोचत नाही, त्यामुळे पडलेली पानं, मेलेली मुळं शतकानुशतकं पुरती कुजत नाहीत. हा चिखल उकरून उघडा पडला की तोच साठा हवेत जायला लागतो. माळावर खड्डा घेऊन लावलेलं लिंबाचं रोप, तेही टँकरच्या पाण्यावर जगलं तर, त्याची भरपाई किती पिढ्यांनी करणार?

आणि माळ रिकामा आहे हे ठरवलं कुणी? सोलापूरजवळच्या नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ मध्ये झालं ते याच गवताळ रानासाठी. माळढोक पक्ष्याला लांबवर नजर जाईल असं उघडं रान लागतं. काळवीट, लांडगा, खोकड यांचंही घर तेच. दाट झाडी लावून तो माळ आपणच मोडायचा आणि वर त्याला पर्यावरण म्हणायचं! झाडं जरूर लावा, बांधावर, ओढ्याकाठी, चिंच-बोर-लिंब. फक्त ती मुंबईच्या खात्यावर नकोत.

"डासांची दलदल." डास साचलेल्या पाण्यात वाढतात. भरती-ओहोटीने जिथलं पाणी रोज हलतं तिथे त्यांचं फारसं फावत नाही. राडारोडा टाकून खाडीचं पाणी कोंडलं की मात्र डास होतात. तो राडारोडा तिवरांनी, म्हणजे खारफुटीच्या झाडांनी, टाकलेला नसतो.

"समुद्र चढला की बुडणारच." हे निम्मं खरं आहे. तिवर-कांदळाची मुळं गाळ धरून ठेवतात, त्यामुळे खालची जमीन पाण्याबरोबर हळूहळू वर येते. पातळी वर्षाला ६-७ मिलिमीटरच्या वेगाने चढू लागली तर त्यांचा निभाव लागणं कठीण, असं जुन्या गाळाच्या अभ्यासातून दिसतं. आज जगाची सरासरी ४ मिलिमीटरच्या आसपास आहे. म्हणजे वेळ आहे. पण पाणी चढेल तसं या वनाला जमिनीच्या बाजूला सरकावं लागतं, आणि तिथे रस्ता नाहीतर इमारत असेल तर ते जाणार कुठे? मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ च्या निकालात खारफुटीभोवती ५० मीटरचा पट्टा बांधकामाविना ठेवायला सांगितला, त्याचं मोल इथे कळतं. मजकूर लिहिणाऱ्याने १९९९ चं ओडिशातलं महाचक्रीवादळही आठवावं. केंद्रापाडा जिल्ह्यात ज्या गावांपुढे कांदळवनाचा पट्टा रुंद होता तिथे माणसं कमी दगावली, असं नंतरच्या अभ्यासात आढळलं.

"आपल्याला काय त्याचं, मुंबई चारशे किलोमीटर लांब." मुंबई असेल लांब. पण पंढरपुरात जिला आपण चंद्रभागा म्हणतो ती भीमा रायचूरजवळ कृष्णेला मिळते आणि कृष्णा आंध्रात बंगालच्या उपसागराला. कृष्णेच्या मुखाशी कांदळवन आहे, अभयारण्य म्हणून राखलेलं. त्याला वरून गोडं पाणी आणि गाळ लागतो. तो भीमेवरच्या उजनी धरणात अडतो, पुढे कृष्णेवरच्या श्रीशैलम आणि नागार्जुनसागर धरणांत अडतो. उजनी नको असं इथे कुणीच म्हणणार नाही, मीही नाही. ऊसही तिच्यावर आणि पिण्याचं पाणीही. मात्र आवर्तन कधी सोडायचं, किती सोडायचं यावर आपल्याकडे एवढी भांडणं होतात, त्यात नदीच्या मुखाचं नाव निघालेलं मी तरी ऐकलेलं नाही.