उरलेल्या पैशांत मॉनिटर? आधी तोच घ्या

‘फोटो एडिटिंगसाठी पीसी असेंबल करताय? हे सहा नियम पाठ करा’ असा एक मेसेज सध्या गरगर फिरतोय. माझ्या भाच्याने तो मला पाठवला, तोवर त्याबरहुकूम सामानाची यादीही करून मोकळा झाला होता. म्हणून हा खटाटोप.

नियम थोडक्यात असे. अर्धं बजेट ग्राफिक्स कार्डावर घाला, रंग तिथूनच येतात. एसएसडी असली की रॅम ८ जीबी पुरे. प्रोसेसरचे कोअर (एकाच वेळी काम करणारे त्याचे भाग) जितके जास्त, तितका फोटोशॉप पळतो. मॉनिटर उरलेल्या पैशांत १६५ हर्ट्झचा (सेकंदाला १६५ वेळा चित्र रंगवणारा) गेमिंगवाला घ्या आणि ब्राइटनेस शंभरावर ठेवा. दोन डिस्क रेडमध्ये (अनेक डिस्क एकच असल्यासारख्या चालवण्याच्या पद्धतीत) जोडा, बॅकअपची कटकट संपली. पॉवर सप्लाय १००० वॅटचा, कॅबिनेट काचेचं, पंखे आरजीबी दिव्यांचे.

ही गेमिंग पीसीची यादी आहे, वरचं नाव तेवढं बदललंय.

मी सुरुवात चौथ्या, मॉनिटरच्या नियमापासून करतो, कारण सगळ्यात जास्त वाटोळं तोच करतो. एडिटिंगमधला प्रत्येक निर्णय डोळ्यांनी घ्यायचा असतो आणि डोळ्यांना दिसतो तो फक्त मॉनिटर. शंभरावर ठेवलेला साधा मॉनिटर सहज ३०० निट्स (पडद्याचा उजेड मोजायचं एकक) उजेड फेकतो. प्रिंटसाठी काम करणारे लोक तो १०० ते १२० निट्सपर्यंत खाली आणतात. एसआरजीबी, म्हणजे वेब आणि साध्या पडद्यांसाठीच्या रंगांच्या पट्ट्याच्या प्रमाणकात तर संदर्भाचा पडदा ८० निट्सचाच धरलाय. ३०० आणि १२० यांत अडीच पटींचा फरक आहे, कॅमेऱ्याच्या हिशोबात सव्वा स्टॉपहून (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट) थोडा जास्तच. मग होतं काय, तर पडद्यावर चेहरा भगभगीत दिसतो, तुम्ही एक्स्पोजरचा स्लायडर खाली ओढता, समाधान होतं. प्रिंट हातात येते तेव्हा केस आणि काळा कोट यांचा एकच काळा गोळा झालेला असतो. आणि शिव्या खातो लॅबवाला!

यंत्राशिवायही हे तपासता येतं. नेहमीच्या उजेडात पडद्यावर कोरी पांढरी विंडो उघडा आणि शेजारी कोरा कागद धरा. कागदापुढे पडदा दिव्यासारखा वाटला तर ब्राइटनेस जास्त आहे. रंगांची खात्री मात्र अशी होत नाही, त्याला कॅलिब्रेशनचं, म्हणजे पडद्याचे रंग मोजून जुळवणारं यंत्र लागतं. ते मित्राकडून मागून आणलं तरी चालतं.

आणि १६५ हर्ट्झ कशासाठी? स्थिर फोटो सेकंदाला १६५ वेळा रंगवला काय आणि ६० वेळा काय, तो हलणार थोडाच आहे. त्यापेक्षा पॅनेल आयपीएस (बाजूने पाहिलं तरी रंग फारसे न बदलणारा प्रकार) आहे का आणि एसआरजीबी जवळपास पूर्ण दाखवतं का, हे बघा. स्वस्त टीएन पॅनेलवर मान थोडी खालीवर केली तरी सावल्यांचा टोन बदलतो. ॲडोबी आरजीबीचा (एसआरजीबीहून मोठ्या रंगपट्ट्याचा) महागडा पडदा वेबसाठीच काम करणाऱ्याला लागत नाही.

आता ग्राफिक्स कार्ड. रंग कार्डातून ‘येत’ नाहीत, पिक्सेलचे आकडे कुठल्याही कार्डातून तेच बाहेर पडतात. यात जुनं अर्धसत्य आहे, ते नाइलाजाने मान्य करतो: फोटोशॉपमध्ये १०-बिट रंग, म्हणजे छटांच्या जास्त बारीक पायऱ्या दाखवायला एनव्हिडिया कंपनीच्या कार्डांत व्यावसायिकांसाठीचं महागडं क्वाड्रोच लागायचं. पण २०१९ मध्ये कंपनीने स्टुडिओ ड्रायव्हरमधून ती सोय साध्या, गेमिंगच्या जीफोर्स कार्डांनाही दिली. विषय तिथेच संपला. लाइटरूम या फोटो एडिटिंगच्या प्रोग्रॅमचं २०२३ मध्ये आलेलं एआय डीनॉइज (फोटोतले दाणे काढणारं साधन) खरोखर कार्डावर चालतं, तेव्हा ८ जीबीचं मधल्या फळीतलं कार्ड घ्या. त्यावर अर्धं बजेट नको. फोटोशॉप बनवणाऱ्या खुद्द ॲडोबीने आपल्या वेबसाइटवरच्या गरजांच्या पानावर फोटोशॉपसाठी कार्डाची मेमरी किमान १.५ जीबी आणि ४के पडद्यासाठी ४ जीबी सांगितली आहे.

त्याच पानावर रॅमही आहे: किमान ८, शिफारस १६ किंवा जास्त. ‘किमान’ म्हणजे प्रोग्रॅम उघडेल, इतकंच. ४५ मेगापिक्सेलचा फोटो १६-बिटमध्ये उघडा. तीन चॅनेल, प्रत्येकी दोन बाइट, म्हणजे एका पूर्ण लेयरला २७० एमबी. दहा लेयर झाले की २.७ जीबी, हिस्टरी (मागे जाता यावं म्हणून जपलेल्या पायऱ्या) वेगळी, ऑपरेटिंग सिस्टिम आणि ब्राउझर वेगळे. रॅम भरली की फोटोशॉप स्क्रॅच डिस्कवर, म्हणजे डिस्कवरच्या तात्पुरत्या जागेत लिहायला लागतो. साधी डीडीआर४-३२०० रॅम जोडीने लावली तर कागदावर सेकंदाला ५१ जीबी माहिती हलवते, चांगली एनव्हीएमई (वेगवान प्रकारची) एसएसडी ७ जीबीच्या आसपास. एसएसडीने रॅमची उणीव भरून निघते म्हणणाऱ्याने हे दोन आकडे शेजारी ठेवावेत. ३२ जीबी घ्या.

कोअरचं अर्धं खरं. लाइटरूममधून शेकडो फोटो एक्स्पोर्ट करताना ते कामाला येतात, ब्रश आणि बऱ्याच फिल्टरना मात्र मोजकेच पण वेगवान कोअर हवे असतात.

रेडवाला नियम वाचून तर कपाळावर हात मारला. कुठलं रेड, हेही लिहिलेलं नाही! रेड ० मध्ये माहिती दोन्ही डिस्कवर वाटलेली असते, एक डिस्क गेली की दोन्हींवरचं सगळं गेलं. रेड १ मध्ये दोन्हींवर तीच प्रत असते, पण चुकून डिलीट केलेला फोल्डर दोन्हींवरून एकदमच नाहीसा होतो. छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रुजवलेला ३-२-१ चा नियम याहून सोपा आहे: तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी.

१००० वॅटचं म्हणाल तर आरटीएक्स ४०६० कार्ड ११५ वॅट घेतं आणि त्याच्यासाठी एनव्हिडियाच ५५० वॅटचा सप्लाय पुरे म्हणते. चांगल्या प्रतीचा ६५० वॅटचा घ्या. आरजीबी दिवे आवडत असतील तर खुशाल लावा, फक्त कॅबिनेट टेबलाखाली ठेवा. मॉनिटरशेजारी निळा-जांभळा उजेड नाचत असला की त्वचेचा रंग कितपत पिवळा ठेवायचा, हे डोळ्याला ठरवता येत नाही.